विकलेल्या फोनचं दावं

“इकलेल्या जनावराच्या गळ्यात आपलं दावं ठेवायचं न्हाई,” सिंधूबाई एकदा म्हणाली होती.

म्हणाली होती ती पुसेगावच्या बाजारात, वसमतकडच्या एका गिऱ्हाइकाला. त्यानं शेळी घेतली होती आणि वर तिच्या गळ्यातली दोरीही मागत होता. एवढी शेळी दिली, हातभर दोरीला काय धरून बसली म्हणून हसत होता. सिंधूबाईनं त्याच्या हसण्याकडे लक्ष दिलं नाही. शेळीच्या गळ्यातली गाठ सोडली, दावं आपल्या खांद्यावर टाकलं आणि गिऱ्हाइकाला त्याचं दावं आणायला पाठवलं. तोवर शेळीला शिंगाला धरून उभी राहिली.

जनावर विकताना दावं मागं ठेवायचं, हा रिवाज बाजारात सगळेच पाळतात. घरची दावण रिकामी पडू नये म्हणून पाळतात. सिंधूबाईचं कारण वेगळं होतं. जुन्या धन्याच्या दाव्याचा वास नाकाशी असेल तोवर जनावर नव्या घरी चारा खात नाही, मान वळवून वळवून मागं बघतं, असं तिचं म्हणणं. विकलं म्हणजे सोडलं पाहिजे. गाठ विकणाऱ्यानंच सोडली पाहिजे.

पुसेगावच्या वरच्या अंगाला माळावर पंधरावीस घरांची वाडी आहे, तिथं तिचं घर. नवरा लिंबाजी मेंढरं घेऊन रानात असायचा. त्याला माणसांत बोलायचं म्हटलं की घाम फुटायचा, म्हणून शेळ्यांचा बाजार सिंधूबाईकडे आला. बाजारातले सौदे तोंडानं होत नसत. दोघांनी हात पुढं करायचे, वरून रुमाल टाकायचा आणि रुमालाखाली बोटं धरून भाव सांगायचा. बाईमाणूस परक्या गड्याचं बोट धरते म्हणून पहिल्या वर्षी लई कुजबुज झाली. सिंधूबाईनं घरून आपला एक जाड टॉवेल आणायला सुरुवात केली आणि कुजबुजणाऱ्यांशीच पहिले सौदे केले. बोटं धरली की आकडा. हातावर हात आपटला की सौदा पक्का. नको असेल तर हात काढून घ्यायचा आणि पदराखाली न्यायचा. एकदा हात दिसेनासा झाला की समोरच्यानं पुन्हा तोंड उघडायचं नाही, अशी तिथली अदब.

हे बाजारातले हात पुढं तिच्या घरात आले.

सीमा दोन वर्षांची असताना तिच्या पाठीमागं पितळेची परात पडली. शेळ्या उधळल्या, कोंबड्या उडाल्या, लिंबाजी दचकून उभा राहिला. सीमानं मान वळवली नाही. ती मातीत रेघा ओढत बसली होती, तशीच बसली. हिंगोलीच्या डॉक्टरनं कान तपासून जे सांगितलं ते सिंधूबाईला परात पडली तेव्हाच कळलं होतं. वाडीनं पोरीला ‘मुकी’ म्हणायला सुरुवात केली. सिंधूबाईनं तिला समोर बसवून हातावर हात आपटून दाखवला: होय. मग हात पदराखाली नेला: न्हाई. पोरीनं दोन्ही गोष्टी एका दुपारी उचलल्या. मग हनुवटीखाली दोन बोटं म्हणजे शेळी, डोक्याभोवती फिरवलेलं बोट म्हणजे पटकेवाला बाप किंवा कुठलाही गडी, कपाळावर टेकवलेला अंगठा म्हणजे आई, अशी भाषा वाढत गेली. हिंगोलीच्या मूकबधिरांच्या शाळेत सीमा दुसरी भाषा शिकली, बोटांची, सफाईदार. सुट्टीत घरी आली की मात्र मायलेकी बाजाराच्याच हातांनी बोलत. लिंबाजीला त्यातले दहा-बारा शब्द येत, तेही तो वेळेवर विसरायचा. ती भाषा पुरती येणारी माणसं जगात दोनच होती.

शाळेनंच पुढं सीमाला चाकणला कामाला लावलं. एका कारखान्यात खोकी बांधायचं काम, सोबत दहा-बारा न ऐकणारी पोरंपोरी, राहायला मुलींचं वसतिगृह. पहिल्या पगारातून तिनं आईसाठी फोन घेतला. ‘तरंग’ नावाच्या कंपनीची योजना होती. फोनही तरंगचा, सिमही तरंगचं, म्हणून स्वस्त. डब्यावर बारीक इंग्रजीत बरंच काही लिहिलं होतं. ते कोणी वाचलं नाही.

शेळ्यांच्या वाड्याच्या कोपऱ्यात बाभळीचं एक ठेंगणं झाड होतं. त्याच्या बेचक्यात फोन उभा बसायचा. रोज दिवस कलला की धारा काढायच्या आधी सिंधूबाई फोन तिथं बसवायची, दोन पावलं मागं सरायची आणि दोन्ही हात मोकळे करून लेकीशी बोलायची. मागं शेळ्या. सीमा प्रत्येक शेळीची चौकशी करायची. असं तेरा-चौदा महिने चाललं. आणखी कुणाला त्या वेळी वाड्यात यायची मुभा नव्हती.

मग टेकडीवरचा तरंगचा टॉवर बंद पडला. बंद पडला म्हणजे कंपनीनंच बंद केला. एका गुरुवारी माणसं आली, वरचे डबे उतरवून गाडीत घातले आणि निघून गेली. चौथ्या दिवशी ‘स्वरा’ कंपनीचा माणूस वाडीत छत्री रोवून बसला. नंबर तोच राहील, सिम आमचं घ्या, म्हणाला. सगळ्या वाडीनं अंगठे टेकवले. सिंधूबाईनंही टेकवला. आठवड्यानं नवी सिमं सुरू झाली, घराघरांतून फोन वाजायला लागले. सिंधूबाईच्या फोनवर मात्र इंग्रजीत एक ओळ आली आणि तिथंच थांबली.

शेजारचा सटवाजी शिकलेला. त्यानं ती ओळ दोनदा वाचली.

“मावशे, हे कुलूप मागून राहिलं.”

“कसलं कुलूप?”

“फोन तरंगचा हाय. दुसऱ्याचं सिम चालू देत न्हाई. कोड टाका म्हणते.”

“मग टाक की.”

“कोड माझ्यापाशी कुठून यील? कंपनीपाशी असतो.”

“फोन आपून इकत घेतला ना?”

“व्हय.”

“मग?”

सटवाजीनं फोन उलटा केला, सुलटा केला आणि तिच्या हातात दिला. “मेला समज हा,” म्हणाला.

सीमाशी बोलणं तुटून बारा दिवस झाले होते. सटवाजीलाच दया आली. आपल्या फोनवरून लावून देतो, म्हणाला. पण त्याच्या ओसरीवर बोलावं लागलं आणि ओसरीवर माणसं होती. मुकी पोरगी फोनमधून कशी बोलते, हे बघायला आणखी चारजणी आल्या. फोन नवा, महागाचा, सटवाजीनं दोनदा बजावलं, “नीट धर, मावशे.” सिंधूबाईनं तो दोन्ही हातांनी धरला, भरलेली घागर धरावी तसा.

काचेवर सीमा दिसली. वाळली होती. तिनं आईच्या मागची डोकी पाहिली आणि क्षणभर थांबली. मग झटकन उजव्या भुवईवर बोट आडवं फिरवलं आणि तळहात पुढं करून आईकडे पाहत राहिली.

“काय म्हणती गं?” सटवाजीची बायको भिकाबाई खांद्यावरून वाकली. “भुवई काहून पुसून राहिली?”

कुणीतरी तशीच भुवई पुसून दाखवली. हशा पिकला. सिंधूबाई ताठ उभी. फोन सोडला तर पडेल. तिनं तोंडभर हसून दाखवलं, म्हणजे पोरीला कळावं की आई बरी आहे. सीमा तशीच पाहत राहिली. मग काच काळी झाली.

“रेंज गेली,” सटवाजी म्हणाला.

सिंधूबाईच्या डोळ्यांपुढून ती आडवी रेघ हलेना. भुवई. म्हणजे यंत्राचं काही लागलं. खोक्याची पट्टी सुटून डोळ्याशी लागली असणार. जखम दिसली नव्हती, पण काच केवढीशी, त्यात काय दिसतं? लेकीला काहीतरी सांगायचं आहे आणि ते ती दहाजणांपुढं सांगणार नाही, एवढं तिला पक्कं कळलं. पुन्हा सटवाजीच्या ओसरीवर जाण्यात अर्थ नव्हता. आपलाच फोन चालू झाला पाहिजे. बाभळीच्या बेचक्यात बसला पाहिजे.

त्यात दोन शेळ्या व्यायला झाल्या होत्या. त्यांना तशा टाकून निघता येईना. ते उरकायला चार दिवस गेले. सोळाव्या दिवशी ती लिंबाजीवर वाडा सोपवून हिंगोलीला गेली.

तरंगचं दुकान बाजारपेठेत, तीन पायऱ्या चढून वर. आत काच, थंडगार हवा आणि टेबलामागं वैष्णवी नावाची मुलगी. सीमाच्याच वयाची असेल. बाकावर भावसिंग नावाचा एक म्हातारा सेनगावकडून येऊन सकाळपासून बसला होता. त्याचं सिम हरवलं होतं.

वैष्णवीनं फोन पाहिला, पावती मागितली. सिंधूबाईनं पिशवीतून डबाच काढला, पावती त्यातच होती. वैष्णवीनं संगणकात आकडे घातले आणि तिचा चेहरा उजळला.

“मावशी, तुमचं वर्ष कधीच पूर्ण झालंय. कुलूप निघतं. पैसेही लागत नाहीत.”

सिंधूबाईला पहिला धक्का तिथं बसला. “कधीपासून निघत होतं?”

“दोन महिने झाले.”

“मग काढलं काहून न्हाई?”

“मागावं लागतं ना मावशी. मागितल्याशिवाय कंपनी काढत नाही. थांबा, आत्ता कोड पाठवते. तुमच्या तरंगच्या नंबरवर येईल.”

वैष्णवीनं कळ दाबली, वाट पाहिली, पुन्हा दाबली. मग तिनं नंबर नीट पाहिला.

“हा नंबर तर स्वराकडे गेलाय.”

“टॉवरच नेला ना तुमी. सगळ्या वाडीचे गेले.”

“पण कोड तरंगच्याच सिमवर येतो. ते तर बंद झालं.”

“मग ते चालू कर, माय.”

“त्यासाठी नंबर परत आमच्याकडे आणावा लागेल. आणि एकदा गेलेला नंबर नव्वद दिवस हलवता येत नाही.”

“नव्वद,” भावसिंग बाकावरून म्हणाला. “तवर शेळी दोनदा गाभण राहील.”

“एकदाच राहती,” सिंधूबाई त्याच्याकडे न बघता म्हणाली. ती वैष्णवीकडे बघत होती. “माय, मी शेळ्या इकते. इकली की मी माझं दावं सोडून घेते. लोकं म्हणतात दोरीचा लोभ हाय बाईला. अगं, दावं ठिवलं तर ती शेळी इकली कशी म्हणावं? तुमी पैसे बराबर मोजून घेतले. वर गाठ तशीच ठिवली. आन आता म्हणता, गाठ सोडायला आमच्याच दावणीला या.”

“नियम मी नाही केले, मावशी.”

“ते दिसून राहिलं.”

“करणारा कुठं बसतो ते तिलाबी ठाव नसल,” भावसिंग म्हणाला. “मी सकाळधरून इचारून राहिलो.”

वैष्णवीनं फोन खाली ठेवला. तिला काही बोलायचं होतं, पण ते टेबलाच्या त्या बाजूनं बोलण्यासारखं नसावं. ती उठून या बाजूला आली.

“कोणाशी बोलायचंय?”

“लेकीशी. तिला ऐकू येत न्हाई. हातानं बोलती. डोळ्याशी काही लागलं बगा तिच्या. तेवढं बगायचं हाय.”

“म्हणजे व्हिडिओ कॉलच. त्याला सिम कशाला पाहिजे?” वैष्णवीनं आपला फोन काढला. “माझ्या फोनचं नेट तुमच्या फोनला देते. कुलूप सिमला आहे, याला नाही. कोणाच्याही फोनवरून देता येतं. वाडीत कोणी दिलं नाही?”

सिंधूबाईला आधी ते कळलंच नाही. वैष्णवीनं पुन्हा सांगितलं. शेजाऱ्याच्या फोनमधलं नेट भिंतीपलीकडून आपल्या फोनला घेता येतं. सटवाजीच्या ओसरीपासून बाभळीपर्यंत सहज पोचतं. कळलं तेव्हा ती बाकावर बसली. नवी सिमं सुरू होऊन पाच दिवस झाले होते. सटवाजी रोज संध्याकाळी त्या ओसरीवर फोन हातात घेऊन बसत होता. मधे कुडाची एक भिंत होती. तिला त्या मुलीवर राग धरता येईना, सटवाजीवर धरता येईना. रागाला कुठं टेकायला जागाच नव्हती.

“घ्या, लागलं,” वैष्णवी म्हणाली.

फोन थरथरला. मग थरथरतच राहिला. काचेवर एकाखाली एक चौकोन पडत गेले. प्रत्येकात सीमाचा चेहरा, गोठलेला.

“सहा व्हिडिओ आहेत,” वैष्णवी म्हणाली. तिनं फोन टेबलावर डब्याला टेकवून उभा केला आणि पहिला चालू केला. भावसिंगही बाकावरून पुढं सरकला. बघा म्हणावं, सिंधूबाईच्या मनात आलं. इथं कुणाला काही वाचता येणार नव्हतं.

पहिल्यात सीमा वसतिगृहाच्या जिन्यात बसली होती. भुवईवर जखम नव्हती, काही नव्हतं. तिनं हसत हसत भुवईवर बोट आडवं फिरवलं आणि मग डोक्याला फेटा गुंडाळल्याची खूण केली: माणूस. भुवईवर व्रण असलेला माणूस. तो माझ्या शेजारी खोकी बांधतो. तोही ऐकत नाही. चांगला आहे. त्याला माझ्याशी घर करायचं आहे. मी म्हटलं, आईला विचारते. मग तिनं तळहात पुढं केला आणि तसाच धरून ठेवला. बाजारात सौद्यासाठी पुढं करतात तसा.

सिंधूबाईचा हात आपोआप उठला आणि हवेत राहिला. तो चौकोन संपला होता.

दुसऱ्यात: कुठं आहेस? शेळी व्याली का?

तिसऱ्यात घाई होती. त्याला सुरतेत काम लागलं आहे. तो जाणार. त्याची माणसं रविवारी येणार आहेत. तू हातावर हात मार, मग मी त्यांच्यासमोर बसते. तू नाही म्हणालीस तर नाही बसत. लवकर सांग. पुन्हा तळहात पुढं.

चौथा चार दिवसांपूर्वीचा, सटवाजीच्या ओसरीच्या संध्याकाळचा. सीमा जिन्यात नव्हती, भिंतीला टेकून उभी होती. हात सावकाश चालत होते. मी विचारलं. तुझ्यामागं सगळी वाडी होती. तुझा हात नव्हता.

सिंधूबाईनं आपले दोन्ही हात पाहिले. याच हातांनी फोन धरला होता. काचेवर तिचं तोंड गेलं होतं, हसणारं. हात खाली राहिले होते, फोनच्या मागं, कुणाला न दिसणारे. आणि दिसेनासा हात म्हणजे काय, हे तिनंच त्या पोरीला शिकवलं होतं, दोन वर्षांची असताना, एका दुपारी. एकदा हात गेला की पुन्हा विचारायचं नाही, हेही तिनंच शिकवलं होतं.

पाचवा लहान होता. भुवई. गेला. मी त्याला सांगितलं.

सहाव्यात सीमा खाटेवर बसलेली दिसली. तिनं कॅमेऱ्याकडे पाहिलं. तिचे हात ओढणीखाली होते. ती पाहत राहिली, हलली नाही. सिंधूबाईनं वाट पाहिली. आता हात निघेल, आता निघेल.

“अटकला का गं?” तिनं विचारलं.

“नाही मावशी, चालू आहे,” वैष्णवी म्हणाली. “हे आकडे बघा खाली, पळतायत.”

आकडे सतरापर्यंत पळाले आणि थांबले.

“काय म्हणती पोरगी?” भावसिंगनं विचारलं. “बरी हाय ना?”

“डोळ्याला काही लागलेलं दिसत नाही,” वैष्णवी म्हणाली. “मावशी, बरं झालं ना? लावू का कॉल? आता लागेल.”

तिनं उत्तराची वाट न पाहता कॉल लावला आणि फोन सिंधूबाईच्या समोर धरला, दोन्ही बाजूंनी नीट पकडून, की हिला हात मोकळे मिळावेत. घंटी वाजत होती. सिंधूबाईनं डावा तळहात वर केला, उजवा त्याच्यावर उचलून धरला. आपटायला तयार. घंटी वाजत राहिली. मग मधेच थांबली.

“कट केला,” वैष्णवी म्हणाली. “कामावर असेल. पुन्हा लावते.”

दुसऱ्यांदा घंटी एकदाच वाजली.

सिंधूबाईचा उजवा हात अजून वरच होता. भावसिंग त्या हाताकडे बघत होता. पुढं काय होणार आहे ते आपल्याला कळायला हवं, असं काहीसं त्याच्या चेहऱ्यावर होतं. “कुणाला मारती का काय बाई,” तो हळूच म्हणाला.

“संध्याकाळी लावा,” वैष्णवी म्हणाली. “शेजाऱ्यांना सांगा नेट द्यायला. कसं द्यायचं ते मी कागदावर लिहून देते. आणि कोडचं मी पुण्याला विचारते. काहीतरी निघेल, मावशी. नव्वद दिवस म्हणजे काही फार नाहीत.”

ती कागद शोधायला टेबलामागं गेली. सिंधूबाई उठली. तिनं फोन उचलला. डबा, पावती, पिशवी टेबलावर तशीच राहिली. काचेचं दार तिला आधी आत ओढावं की बाहेर ढकलावं ते कळलं नाही. भावसिंगनं उठून ते उघडून धरलं.

“मावशी, लांब जाऊ नका,” वैष्णवीनं आतून हाक मारली. “लांब गेलात तर नेट तुटेल.”

सिंधूबाई तिन्ही पायऱ्या उतरली आणि फोन दोन्ही हातांनी समोर धरून रस्त्याच्या गर्दीत चालत गेली.